घाणेरी हटवा, गवत परत आणा : ग्रामसभेचा अधिकार आणि कामाची पद्धत

घाणेरी (टणटणी, रायमुनिया) हे मूळचे अमेरिका खंडातील झुडूप. शोभेचे झाड म्हणून ते १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले आणि पुढे देशभरातील जंगलांत पसरले. महाराष्ट्रातही त्याच्या जाळीखाली गवत व रोपे वाढत नाहीत. गुरांची चराई घटते. पाने खाल्ल्यास जनावरांना विषबाधा होते.

काढण्याचा अधिकार कोणाला?

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(झ) नुसार गावाला आपल्या पारंपरिक सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला.

हक्क कसा मिळवावा?

१. ग्रामसभेने वनहक्क समिती निवडावी.
२. दावा एकाहून अधिक पुराव्यांसह सादर करावा. निस्तार नोंदी, तसेच गावातील ज्येष्ठांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात.
३. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते.
४. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो.

हक्क मिळाल्यावर ग्रामसभेची समिती व्यवस्थापन आराखडा तयार करते. घाणेरी काढण्याचे काम त्यात नोंदवावे. हक्क मिळाला नसेल, तर वन विभागाच्या परवानगीशिवाय वनजमिनीवर हे काम सुरू करू नये.

घाणेरी कशी काढावी?

• फळे धरण्यापूर्वी, माती ओली असताना काम करावे. फळे खाणारे पक्षी बी दूरवर नेतात.
• झुडूप वरून छाटू नये, जाळू नये. बुंध्यापासून ते पुन्हा फुटते.
• मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडावे. झुडूप उलटे करून वाळू द्यावे.
• मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या यांसारखी स्थानिक गवते पेरावीत आणि गवत जम धरेपर्यंत चराई बंद ठेवावी.

लक्षात ठेवा

एका हंगामात काम संपत नाही. जमिनीत पडलेले बी पुढील पावसात उगवते. म्हणून आराखड्यात पुढील काही वर्षांच्या निंदणीची तरतूद ठेवावी, अन्यथा पहिल्या वर्षीचे श्रम वाया जातात.