शून्य मार्क, पहिला नंबर!

दोस्तांनो, आमची शाळा निफाड तालुक्यातली. चहूकडे द्राक्षाचे मळे आणि गव्हाची शेतं. शाळेच्या मागे आमची परसबाग आहे. तिथे मेथी, कोथिंबीर, टोमॅटोची चार झाडं आणि एक छोटासा गव्हाचा वाफा. बागेला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे एका आबांचं गव्हाचं शेत.

मागे एका फेब्रुवारीतली गोष्ट. चौथीतला एक मुलगा मामाच्या गावाहून प्लॅस्टिकच्या डबीत एक गव्हाचं पान घेऊन आला. पानावर नारिंगी ठिपके. बोट फिरवलं की गेरू लागल्यासारखी पूड बोटाला लागायची. मी ओळखलं, हा तांबेरा!

त्या पठ्ठ्यानं काय केलं असेल? मधल्या सुट्टीत ते पान त्यानं वाफ्यातल्या गव्हावर चोळलं. वर पाणी शिंपडलं. पण फक्त अर्ध्या वाफ्यावर, बरं का! "बाई, अर्ध्यावर रोग टाकलाय, अर्धा तसाच ठेवलाय. आता दोन्हींत काय फरक पडतो ते बघू."

खरं सांगते, मला कौतुकच वाटलं. तुलना करायला अर्धा भाग मोकळा ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याची पाठ थोपटली. रोज नोंद ठेवायला एक वहीसुद्धा दिली.

दहाव्या दिवशी पानांवर ठिपके उठले. मुलं खूश! आणि त्याच दिवशी कुंपणापाशी आबा येऊन उभे राहिले.

"बाई, प्रयोग चांगलाय पोराचा," ते म्हणाले. "पण कुंपण तारेचं आहे. वाऱ्याला ते दिसत नाही. माझ्या ओंबीत आत्ता कुठं चीक भरतोय. मला एका शब्दानं विचारायचं तरी."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. चूक मुलाची नव्हती, माझी होती. आम्ही लगेच तो सगळा वाफा ओला केला, रोपं उपटून पोत्यात भरली आणि खड्ड्यात पुरली. पुढे आबांच्या शेताच्या कडेला काही रोपांवर तांबेरा दिसला. तो आमच्या वाफ्यामुळे आला, की आधीच हवेत होता? ते सांगता येत नाही. पण "आमच्यामुळे नाही हो आला," असंही मला आबांना म्हणता येईना.

त्या मुलानं रडवेल्या चेहऱ्यानं मला विचारलं, "बाई, मग शास्त्रज्ञ रोग टाकून बघतात, ते त्यांना कसं चालतं?"

किती चांगला प्रश्न! त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही निफाडहून निघालो आणि थेट आफ्रिकेतल्या केनियात पोचलो. चला, तुम्हीही या.

वाऱ्यावरचा प्रवासी

तांबेरा म्हणजे एक बुरशी. बोटाला लागते ती पूड म्हणजे तिचे बीजाणू. डोळ्यांना एकेकटा दिसणार नाही इतका बीजाणू बारीक आणि हलका. वाऱ्यावर बसून तो शेकडो किलोमीटर जातो. ओलं पान मिळालं की रुजतो आणि झाडाचं अन्न पळवतो. मग दाणे भरत नाहीत, सुरकुततात.

गव्हावर हा तांबेरा तीन प्रकारचा येतो. पिवळा, नारिंगी आणि काळा. पिवळ्याला थंडी आवडते, म्हणून त्याचा त्रास उत्तर भारतात जास्त. आपल्याकडे भीती नारिंगी आणि काळ्याची. काळा सगळ्यांत वाईट, कारण तो खोडावरच हल्ला करतो.

आता एक कोडं. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात गहू नसतो आणि ही बुरशी तर जिवंत झाडावरच जगते. मग दरवर्षी ती येते कुठून? आग्र्याचे शास्त्रज्ञ डॉ. करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं हे कोडं सोडवायचा प्रयत्न केला. त्यांना आढळलं, की काळा तांबेरा दक्षिणेकडच्या निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत टिकून राहतो आणि तिथून वाऱ्याबरोबर वर सरकतो. १९४६-४७ साली मध्य भारतात याच काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली होती. उभं पीक शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

मग उपाय काय? तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करणं! आमच्या निफाडचं गहू संशोधन केंद्र १९३२ सालापासून हेच काम करतंय. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. इथं तयार झालेल्या वाणांची नावं ऐका: त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी! आहेत की नाही आपल्या नाशिकची? महाबळेश्वरलाही तांबेऱ्याचा अभ्यास करणारं केंद्र आहे. तिथली थंड, दमट हवा तांबेऱ्याला मानवते. म्हणजे ती रोगाला घातलेली शाळाच म्हणा ना!

युगांडातून वाईट बातमी

जगभरच्या गव्हाला काळ्या तांबेऱ्यापासून वाचवणारा एक गुण होता. शास्त्रज्ञांनी तो राय नावाच्या धान्यातून गव्हात आणला होता. उत्तर भारतात लाखो एकरांवर पेरल्या जाणाऱ्या गव्हातही तो होता. सगळे निर्धास्त होते.

आणि १९९८ साली पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा देशात, संशोधन केंद्राच्या शेतात, त्या गुणाच्या गव्हावरच काळा तांबेरा दिसला! १९९९ मध्ये त्याची ओळख पटली, म्हणून त्याचं नाव पडलं यूजी-९९. यूजी म्हणजे युगांडा. जणू कुणी आपल्या कुलपाची दुसरी किल्ली बनवली होती.

हा तांबेरा पुढे केनियात आणि इथिओपियात पसरला. २००६ साली तो समुद्र ओलांडून येमेनमधे, तर २००७ साली इराणमधे सापडला. नकाशा काढा आणि या देशांवर बोट ठेवत जा. बोट कुणाच्या दिशेनं सरकतंय? आपल्याच की!

हरितक्रांतीचे जनक डॉ. नॉर्मन बोरलॉग तेव्हा ९१ वर्षांचे होते. २००५ साली त्यांनी या वयात केनिया गाठलं आणि साऱ्या जगाला हाक दिली, की आता झोपून चालणार नाही.

रोग इथे आणायचा, की बी तिकडे न्यायचं?

आता नीट विचार करा हं. आपल्या भारतातले गहू यूजी-९९ पुढे टिकतील का, हे तपासायचंय. पण हा तांबेरा तर भारतात नाही. मग तपासायचं कसं?

वर्गात मी हे विचारलं तेव्हा बरेच हात वर झाले. "बाई, थोडी पूड डबीत घालून आणायची!"

कुंपणाजवळ बसलेला आमचा तो मुलगा मात्र म्हणाला, "नको! कुंपण तारेचं असतंय."

शाब्बास! अगदी हेच उत्तर शास्त्रज्ञांचंही होतं. जो रोग देशात नाही तो प्रयोगासाठी शेतात मोकळा सोडायचा नाही. एक बीजाणू निसटला, तर करोडो लोकांच्या पोळीचा प्रश्न! म्हणून त्यांनी उलटं केलं. रोग आणला नाही, बी तिकडे पाठवलं.

केनियात नकुरू शहराजवळ न्योरो नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, हवा थंड, आणि तांबेरा मुक्कामालाच. तिथल्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात २००५ पासून जगभरच्या गव्हाची परीक्षा घेतली जाते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इथिओपिया, अमेरिका, कितीतरी देशांचं बी तिथं शेजारी शेजारी पेरलेलं असतं. भारतातल्या वाणांची निवड करून ते तिकडे पाठवण्याचं काम हरियाणातल्या करनालच्या गहू संशोधन संस्थेनं पाहिलं.

पण बी पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकलं, असं नसतं बरं का! बियाबरोबर आपल्याकडचा रोग तिकडे जाऊ नये, म्हणून दिल्लीतली एक राष्ट्रीय संस्था ते तपासून 'निरोगी' असा दाखला देते. केनियाची वनस्पती-तपासणी संस्था आयातीचा परवाना देते. आणि केनियात कुठलंही संशोधन करायचं, मग ते शेतीचं असो की आरोग्याचं, तर तिथल्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाची परवानगी लागते. प्रयोग काय, का, कुठे, त्यातून कुणाला धोका, कुणाला फायदा, हे सगळं आधी लिहून द्यायचं. आमच्या वाफ्याच्या वेळी यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता!

उलटी परीक्षा

न्योरोच्या शेतात प्रत्येक वाणाच्या छोट्या छोट्या ओळी असतात. मधून मधून मुद्दाम असा गहू लावतात, जो तांबेऱ्याला हमखास बळी पडतो. त्याच्या खोडात सुईनं बीजाणूंचं पाणी टोचतात. तिथून रोग सगळ्या ओळींवर पसरतो. मग शास्त्रज्ञ वही घेऊन ओळीओळीतून फिरतात आणि मार्क देतात. खोडाचा किती भाग तांबेऱ्यानं व्यापला, शंभरपैकी किती? ज्याला शंभर तो साफ नापास. ज्याला शून्य त्याचा पहिला नंबर!

पहिल्या निकालात जगभरच्या बहुतेक गव्हांची दांडी उडाली. भारतातलेही बरेच वाण नापास झाले. पण काही पास झाले, आणि त्यांच्याशी संकर करून पुढे नवे वाण घडवता आले. यूजी-९९ भारतात आजवर सापडलेला नाही. आला तर आपण अगदी रिकाम्या हातांनी उभे नसू, ते या परीक्षेमुळे.

केनियाच्या शेतकऱ्यांना यातून काय मिळालं? हाही प्रश्न विचारायलाच हवा, कारण शेत त्यांचं, हवा त्यांची. याच परीक्षेतून निवडलेला 'रॉबिन' नावाचा गहू त्यांना पेरायला मिळाला. पण काही वर्षांतच तांबेऱ्यानं नवं रूप घेऊन रॉबिनलाही गाठलं. यूजी-९९ ची आता डझनाहून जास्त भावंडं झाली आहेत. म्हणून ही परीक्षा एकदा देऊन संपत नाही.

गहू बोलत नाही, माणूस बोलतो

गव्हाच्या रोपाला विचारायची सोय नसते. पण माणसांवर प्रयोग करायचा असेल तर?

त्याचंही केनियाशी आणि महाराष्ट्राशी नातं असलेलं एक उदाहरण सांगते. मलेरियानं आफ्रिकेत दरवर्षी लाखो लहान मुलं दगावतात. त्यावर ऑक्सफर्ड विद्यापीठानं 'आर-२१' नावाची लस शोधली आणि ती बनवते आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. केनियातलं किलिफी, टांझानियातलं बागामोयो आणि बुर्किना फासो व माली या देशांतली काही ठिकाणं, अशी मिळून सुमारे ४,८०० बाळांवर तिची मोठी चाचणी झाली. बाळं किती मोठी? पाच महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची.

आधी प्रत्येक देशाच्या नैतिकता समितीनं परवानगी दिली. मग आईवडलांना सगळं समजावून त्यांची संमती घेतली. तुलनेसाठी काही बाळांना ही लस द्यायची नव्हती. आमच्या वाफ्याचा तो मोकळा अर्धा भाग आठवतोय ना? पण बाळ म्हणजे वाफा नव्हे! म्हणून त्या बाळांना रेबीजची लस दिली, म्हणजे टोचून घेतल्याचा त्यांनाही काही उपयोग झाला. चाचणीत मलेरियाचं प्रमाण खूप घटलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही लस वापरायची शिफारस केली.

आणि तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलावर असं संशोधन करायचं असेल, तर आईवडलांची सही पुरत नाही. त्या मुलालाही त्याला समजेल अशा भाषेत सांगून विचारावं लागतं. तुम्ही लहान आहात, पण तुमच्या 'नाही'लाही किंमत आहे.

आबांचा परवाना

पुढच्या रब्बीत तोच मुलगा, आता पाचवीत गेलेला, एक कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याला गव्हाच्या दोन वाफ्यांना कमी-जास्त पाणी देऊन पाहायचं होतं. रोग वगैरे काही नाही. कागदावर चार ओळी होत्या: काय करणार, का करणार, कुणाला त्रास होईल, बिघडलं तर काय करणार.

"बाई, मी आबांकडे जाऊन येतो," तो म्हणाला.

"अरे, यात आबांचं काय बिघडणार आहे? नुसतं पाणी तर द्यायचंय."

"तरी पण विचारतो."

आबांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. खाली सही केली. आणि मग म्हणाले, "मार्चमधे काय निघालं, ते मलाही सांगायचं हं. माझंही पाणी वाचलं तर वाचलं!"

आमच्या वर्गाच्या भिंतीवर आता तो कागद चिकटवलेला आहे.