तुळशी वृंदावनाचे डाग काढून देणार? आधी डाग ओळखा, मग भाव सांगा

व्हिडिओत ब्रश चालवताना दाखवलंय. इथे लिहितोय ते गिऱ्हाइकाच्या अंगणात उभं राहिल्यावर काय बघायचं ते.

पावसाळा संपला की आपल्या सिरोंच्यात अंगणातल्या वस्तूंचा रंगच बदलतो. सिमेंटचा मोर हिरवा-काळा, मातीच्या हत्तीवर पांढरी पूड, वृंदावनावर तेलाचे ओघळ. आणि कार्तिकात तुळशीचं लग्न! म्हणजे दसऱ्यापासून पुढचे काही आठवडे तुमचा सीझन. भांडवल किरकोळ आहे: काथ्याचा ब्रश, दोन बादल्या, मुलतानी माती, हातमोजे. जोखीम मात्र मोठी, कारण वस्तू दुसऱ्याची आणि पूजेची. एक वृंदावन खराब झालं की एवढ्याशा गावात पुढचं काम कोण देणार?

सर्वात जास्त फसवतो तो हळदीचा डाग. साबण किंवा धुण्याचा सोडा लावला की पिवळा डाग लालभडक होतो आणि घरमालकीण घाबरते. घाबरायचं कारण नाही. हळद क्षारात लाल होते, एवढंच. भरपूर पाण्याने धुवा आणि ऊन लागू द्या; हळदीचा रंग उन्हात विटतो. हे काम सुरू करायच्या आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

दिव्याच्या तेलावर पाणी मारून काही होत नाही. मुलतानी मातीचा घट्ट लेप लावा, पूर्ण वाळू द्या, मग खरवडा. माती तेल ओढून घेते. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.

शेवाळाला वृंदावनावर ब्लीच नको, तुळस जळेल. पाणी, ब्रश आणि ऊन पुरतं. मोर-बदकांवर पातळ ब्लीच चालतं, पण त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, तो जीवघेणा असतो. नुसतं ॲसिडसुद्धा सिमेंट आणि संगमरवर खातं.

पांढरी पूड म्हणजे आतून वर आलेला खार. आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी ओतलं तर खार विरघळून परत आत जातो. सागाची ओली पानं पडून राहिली की तांबूस डाग देतात, तेव्हा गिऱ्हाइकाला पानं रोज झाडायला सांगा. सिमेंटमधून तांबडा ओघळ येत असेल तर आतली सळई गंजलीय. डाग काढला तरी परत येणार, हे स्पष्ट बोला. आपल्याकडे घरोघरी तेलुगू बोलतात, तेव्हा ही अट त्यांच्या भाषेत सांगितलेली बरी.

आता भाव. लेप वाळायला वेळ लागतो, म्हणजे दोन फेऱ्या. अंकिसा किंवा आसरअल्लीचं काम असेल तर दोन्ही फेऱ्यांचं पेट्रोल आधी धरा, मग तुमची मजुरी, मग सामान. फोनवर भाव सांगूच नका. जाऊन बघा, मागच्या बाजूला बोटभर जागेवर प्रयोग करा, आधीचा फोटो काढा आणि मग आकडा बोला.

एक काम मात्र कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका: जुन्या देवळाची दगडी मूर्ती. मार्कंड्याच्या मंदिरांसारखी संरक्षित ठिकाणं पुरातत्त्व खात्याची आहेत, तिथे ब्रशसुद्धा लावायचा नाही. शेतात सापडलेली जुनी मूर्ती कोणी घासायला आणली, तरी तशीच परत द्या आणि तहसील कार्यालयात कळवायला सांगा.