ट्रॅक्टरच्या तेलातील लोहकीस आणि चुंबकीय निचरा-बूच

यंत्र चालते तसे ते झिजते. ट्रॅक्टर, जीप, मोटारगाडी अथवा पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन, यांपैकी कोणतेही घेतले तरी त्यातील दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीवर घासतात, दंतचक्रांचे दाते एकमेकांवर दाबले जातात, आणि वंगण कितीही चांगले असले तरी धातूचे सूक्ष्म कण सुटून तेलात मिसळतात. हे कण तेलाबरोबर त्याच भागांतून पुनः फिरतात व नवी झीज घडवितात. तेलाच्या टाकीच्या तळाशी जे निचऱ्याचे बूच असते, ज्यास आपले मेस्त्री चेंबरचा बोल्ट म्हणतात, त्याच्या टोकास लोहचुंबक बसवून हा लोहकीस धरून ठेवावा, ही युक्ती मोटारगाड्यांत व ट्रॅक्टरांत पुष्कळ वर्षे वापरात आहे. बाजारात अशी बुचे सहज मिळतात आणि विकणारे त्यांची स्तुतीही भरपूर करतात. म्हणून हे साधन काय करते, काय करू शकत नाही, व त्याचा खरा उपयोग कोठे आहे, हे शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे इष्ट आहे.

प्रथम कणांच्या आकाराचा विचार करू. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. फिरता दांडा व त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी मात्र काही थोड्या मायक्रॉनांचीच असते. या पापुद्र्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कण दोन पृष्ठभागांमध्ये अडकून त्यांस ओरखडतात. इंजिनाची साधारण तेलगाळणी २० ते ४० मायक्रॉनांहून मोठे कण बहुतांशी अडविते. त्याहून बारीक कणांपैकी बरेच तिच्यातून निसटतात. शिवाय गाळणीस एक पर्यायी झडप असते. थंडीच्या दिवसांत सकाळी तेल घट्ट असताना, अथवा गाळणी घाणीने तुंबली असता, ही झडप उघडते व तेल न गाळता पुढे जाते. इंजिन तेलावाचून राहण्यापेक्षा घाणेरडे तेल मिळालेले बरे, असा त्यामागील हिशेब असतो. अशा वेळी तळाशी चुंबक असेल तर थोडीफार राखण होते.

थोडीफार असे म्हणण्याचे कारण आहे. चुंबकाचे बळ अंतराबरोबर झपाट्याने घटते. बुचाच्या अगदी जवळून जाणारा अथवा तळाशी बसणारा कणच त्यास चिकटतो. पंपाने वरच्या वर ओढून नेलेला कण त्याच्या तावडीत सापडत नाही. दुसरे असे की, चुंबक लोखंड व पोलाद तेवढे धरतो. ॲल्युमिनियमचा दट्ट्या झिजला, पितळी बूश झिजले, बेअरिंगचा तांबे-शिशाचा थर सुटला, तर बुचावर त्याचा मागमूस दिसत नाही. जळक्या डिझेलची काजळी, तेलात शिरलेले पाणी आणि धुळीतील वाळू यांसही चुंबकाचा काही उपाय नाही. वाळूचा कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतो, आणि रोटाव्हेटर व मळणी यंत्र चालविणाऱ्या ट्रॅक्टरचा तर तो मोठाच शत्रू आहे. त्याचा बंदोबस्त हवेच्या गाळणीनेच होतो. ज्याच्या ट्रॅक्टरची हवेची गाळणी फाटलेली आहे, त्याने चुंबकीय बूच आणण्यापूर्वी गाळणी आणावी.

येथे आपल्या प्रदेशाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणात चुंबकास चिकटणारे लोहखनिज असते. त्यामुळे ओढ्यातील वाळूत अथवा रस्त्यावरील धुळीत चुंबक फिरविला की त्यास काळे कण मिशांप्रमाणे लागतात. अर्थात आपल्याकडे बुचावर जमलेला सर्व कीस इंजिनाच्या झिजेचाच असतो असे नाही. त्यात आत शिरलेल्या धुळीचाही अंश असू शकतो. कसेही असले तरी असा कीस वाढणे चांगले लक्षण नव्हे, आणि तो वाढलेला दिसताच हवेच्या नळीचे जोड तपासावेत.

इंजिनापेक्षा या बुचाचा अधिक उपयोग गिअर बॉक्समध्ये व मागील धुऱ्याच्या पेटीत होतो, असे आमचे मत आहे. तेथे पोलादाच्या दात्यांचीच झीज मुख्य असते. पुष्कळ यंत्रांत या पेटीस सूक्ष्म गाळणी नसते, तेल शेकडो तास बदलले जात नाही, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत हेच तेल अवजारे उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपासही पुरविले जाते. दात्यांचा कीस त्या पंपात गेला तर नांगर उचलला जाईनासा होतो. कित्येक उत्पादक या पेटीस मूळचेच चुंबकीय बूच बसवितात. म्हणून नवे विकत घेण्यापूर्वी आपले बूच काढून त्याच्या टोकास खिळा चिकटतो का, हे पाहावे.

चुंबक जो कीस धरतो त्याहूनही, तो जी बातमी देतो ती अधिक मोलाची आहे. विमानांच्या इंजिनांत व हेलिकॉप्टरच्या गिअर बॉक्समध्ये चुंबकीय बूच मुख्यतः याच हेतूने बसवितात. त्यावर धातूचे तुकडे साचून दोन टोके जोडली गेली की चालकापुढे दिवा लागतो. आपल्या ट्रॅक्टरला दिवा नसला तरी डोळे व बोटे पुरेशी आहेत. तेल बदलताना बूच काढावे व त्यावरील कीस दोन बोटांत चोळून पाहावा. उगाळलेल्या गंधाप्रमाणे मऊ, करड्या रंगाचा लेप असेल तर ती नेहमीची झीज समजावी. नव्या यंत्राच्या पहिल्या तेलबदलात हा लेप जाड असतो व त्यात एखादी बारीक सुईही सापडते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु जुन्या यंत्रात केसाळ सुया पुनः पुनः दिसू लागल्या, अथवा बोटास टोचणारे चपटे, चकचकीत पापुद्रे आढळले, तर दात्यांचा किंवा बेअरिंगचा पृष्ठभाग उकलू लागला आहे असे जाणावे. दात्याचा अथवा गोळीचा ओळखू येण्यासारखा तुकडा निघाला, तर ट्रॅक्टर पुढे एक तासही चालवू नये. या वेळी पेटी उघडली तर बहुधा एका बेअरिंगवर भागते. तसाच रेटला तर सुटलेला तुकडा दात्यांत सापडून सर्व दंतचक्रे जातात, आणि हे नेमके पेरणीच्या वाफशावर घडले तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा गेलेला हंगाम अधिक महाग पडतो.

चुंबकास न चिकटणारे धातू ओळखण्यासाठी निचऱ्याचे तेल पांढऱ्या फडक्यातून गाळावे. रुपेरी पण चुंबकास न लागणारे कण बहुधा ॲल्युमिनियमचे, तांबूस-पिवळे कण बूश किंवा बेअरिंगचे असतात. प्रत्येक वेळी बुचावरील लेप कोऱ्या कागदावर पुसून त्याखाली तारीख व तासमापकावरील आकडा लिहून ठेवावा. तीन-चार कागद शेजारी मांडले म्हणजे झीज वाढते आहे की स्थिर आहे हे अशिक्षित माणसासही कळते. ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्या गटांनी ही वही अवश्य ठेवावी, कारण तेथे चालवणारे हात अनेक असतात.

बूच निवडताना आट्यांचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरांत इंची आटेही असतात. जवळचे माप पाना लावून जबरीने बसविले तर टाकीचेच आटे जातात, आणि टाकी ॲल्युमिनियमची असेल तर लवकर जातात. चुंबकाचे टोक फार लांब नसावे. ते आत फिरणाऱ्या भागास लागता कामा नये. चुंबक नुसत्या डिंकाने चिकटविलेला नसून धातूत पक्का दाबून बसविलेला असावा. १९८४ च्या सुमारास पुढे आलेले निओडिमियमचे चुंबक अतिशय बलवान असतात, पण त्यांतील साधी जात ८० अंश सेल्सिअसच्या वर तापली की बळ गमावू लागते, आणि नांगरणीत इंजिनाचे तेल याहून अधिक तापते. म्हणून इंजिनास उष्णता सोसणारी जात, अथवा अल्निको वा समेरियम-कोबाल्टचा चुंबक घ्यावा. परीक्षा सोपी आहे. नव्या बुचास किती खिळे लोंबतात ते मोजावे, ते अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवावे, व निवल्यावर पुनः मोजावे. खिळे बरेच कमी झाले किंवा चुंबक डळमळू लागला तर ते बूच दुकानदारास परत करावे.

बसविताना तेल कोमट असावे, वॉशर नवा घालावा, आणि इंजिन पाच मिनिटे चालवून गळती पाहावी. काही जण लाऊडस्पीकरचा जुना चुंबक टाकीच्या बाहेरून चिकटवितात. पत्र्याची टाकी असेल तर चुंबकाचे बरेचसे बळ पत्र्यातच जिरते. आणि खडबडीत वाटेने तो निखळून पडला की आत जमलेला कीस एकदम तेलात सुटतो. ही काटकसर करू नये.

चुंबक बसविला म्हणून तेल किंवा गाळणी बदलण्याची मुदत वाढवू नये. उत्पादकाच्या पुस्तिकेतील तासच पाळावेत. इंजिनाचे आयुष्य दुप्पट होते, डिझेल वाचते, असे सांगणाऱ्या विक्रेत्यांवर विश्वास ठेवण्यास आधार नाही.

कार्यकर्त्यांनी गावात प्रात्यक्षिक दाखवावयाचे असल्यास गिअर बॉक्समधून काढलेले जुने तेल एका थाळीत घ्यावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक त्यात सावकाश फिरवावा, व वर काढून उन्हात धरावा. नंतर पिशवी उलटी करून चुंबक सोडविला की कीस कागदावर गोळा होतो. प्रात्यक्षिकाचे व तेलबदलाचे जुने तेल बांधावर, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.