बाल्कनीत मेलेल्या मधमाश्या: फोटोवरून रोग कळतो का?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत उंच इमारतींच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लागलेलं बऱ्याचदा दिसतं. सकाळी बाल्कनीत दहा-बारा माश्या मेलेल्या दिसल्या की आपण फोटो काढतो आणि एआयला विचारतो. समजा उत्तर आलं, 'नोसेमा नावाचा प्रोटोझोआ'. स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि फवारणीवाल्याला फोन! पण थांबा, या उत्तरात दोन गडबडी आहेत.

१. माहिती जुनी

नोसेमाला शास्त्रज्ञ पूर्वी प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय जीव, मानायचे. डीएनए तपासल्यावर तो बुरशीच्या जवळचा निघाला. पण इंटरनेटवर जुना मजकूर तसाच आहे आणि एआय त्यावरूनही शिकतं.

मधमाशीतला खरा प्रोटोझोआ म्हणजे लॉटमारिया पासिम. त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली थेट २०१५ मध्ये. तोवर त्याला क्रिथिडिया मेलिफिकी या दुसऱ्याच जातीचं लेबल लागत होतं. तो माशीच्या आतड्याच्या शेवटच्या भागात भिंतीला चिकटून राहतो.

२. फोटोत तो दिसतच नाही

नोसेमाचा बीजाणू साधारण ५ मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. शिवाय दोन्ही परजीवी आतड्यात राहतात. फोन माशीचा रंग-आकार बघून जात सांगू शकेल, पोटातलं नाही. तपासणीसाठी माशीचं पोट पाण्यात कुटून तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून बघतात. नेमकी जात ठरवायला पीसीआर लागते.

मग माश्या का मेल्या?

कारणं बरीच असू शकतात, कीटकनाशकसुद्धा. पण आधी ट्यूबलाइटवर संशय घ्या. आग्या मोहोळाच्या माश्या रात्री दिव्याकडे येतात, घिरट्या घालून दमतात आणि खाली पडतात. दोन-चार रात्री बाल्कनीतला दिवा बंद ठेवा, खिडकीचा पडदा ओढा आणि सकाळी मोजा. आकडा घटला तर उत्तर मिळालं.

हे परजीवी माणसाला होत नाहीत, त्यामुळे त्या भीतीने पोळं मारायची गरज नाही. फक्त पोळ्याजवळ जाऊ नका, दगड-धूर तर अजिबात नको. जाणकाराचा सल्ला हवा असेल तर पुण्यात १९६२ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी एकदा दिवा बंद करून बघा.