बुळकांडी

बुळकांडी : गाय, बैल, म्हैस इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांना होणारा व्हायरसजन्य, तीव्र सांसर्गिक रोग. बुळकांड्या व रिंडरपेस्ट या नावांनीही तो ओळखला जाई. 2011 मध्ये त्याचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर याप्रमाणे नाहीसा झालेला हा दुसरा आणि जनावरांच्या रोगांपैकी पहिलाच रोग होय. माणसाला तो होत नसे; त्याने माणसाचे अन्न मात्र हिरावून घेतले.

रोगकारक व्हायरस माणसाच्या गोवराच्या व कुत्र्यांतील डिस्टेंपरच्या व्हायरसांचा निकटचा आप्त आहे. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून तो पार होतो, हे निकोल व आदिल बे यांनी 1902 मध्ये दाखविले. संसर्ग मुख्यत्वे निकट सहवासातून, श्वासाबरोबरचे तुषार व स्राव यांच्याद्वारे होई. प्रथम जोराचा ताप येई. मग डोळ्यांतून व नाकातून स्राव, तोंडात व्रण व दुर्गंधी, शेवटी रक्तमिश्रित पातळ हगवण आणि शरीरातील पाणी घटल्याने मृत्यू असा क्रम असे. रोगाची पूर्वी कधीच ओळख नसलेल्या कळपातील दहांपैकी नऊ जनावरेही दगावत. भारतातील मैदानी देशी जनावरे त्या मानाने काटक होती. विदेशी व संकरित जनावरांत मृत्युमान अधिक असे.

कोकणात अशा साथीचा खरा फटका दुधापेक्षा शेतीच्या औताला बसे. गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या किनाऱ्यावरील गावात भातखाचरांची नांगरणी व चिखलणी पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांतच उरकावी लागते. ऐन त्या वेळी जोत गेले तर लावणी हुकते आणि वर्षाचे धान्य जाते. शेजाऱ्याचे बैल मागावेत, तर साथीत तेही आजारी. म्हणूनच हा रोग केवळ पशुवैद्यकाचा विषय नव्हता, दुष्काळाचाही होता. इ. स. 1887 च्या सुमारास तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भारतातून नेलेल्या गुरांबरोबर पोहोचला असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर इथिओपियात भीषण दुष्काळ पडला.

भारतातील साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 1871 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले आणि 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्यात इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरीची स्थापना झाली. तिचे पहिले प्रमुख ॲल्फ्रेड लिंगार्ड होत. जनावरांच्या रोगांवरील संशोधनाला वाहिलेली ही भारतातील पहिली संस्था, आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची पूर्वज. अत्यंत सांसर्गिक रोगजंतूंवर भरवस्तीजवळ काम करणे धोक्याचे असल्याने 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईस आलेले रॉबर्ट कॉख यांनी 1897 मध्ये मुक्तेश्वरला भेट दिली. लवकरच तेथे प्रतिरक्तरस तयार होऊ लागला; मात्र त्याचे संरक्षण अल्पकाळ टिके.

खरी प्रगती जे. टी. एडवर्ड्‌स यांच्या कामाने झाली. त्यांनी व्हायरस शेळ्यांमधून पुनःपुन्हा टोचून सौम्य केला. 1920 नंतरच्या दशकात ही लस उपलब्ध झाली. देशी गुरांना ती आयुष्यभराचे संरक्षण देई, परंतु संकरित जनावरांत तीव्र प्रतिक्रिया उमटे. ही अडचण वॉल्टर प्लॉराइट यांनी केन्यात 1960 च्या सुमारास ऊतकसंवर्धनाने बनविलेल्या लसीने दूर केली.

व्हायरसाचा एकच प्रतिजनी प्रकार असणे, बरे झालेले जनावर रोगवाहक न राहणे आणि शरीराबाहेर व्हायरस फार काळ न तगणे या तीन गोष्टी माणसाच्या पथ्यावर पडल्या. तथापि केवळ टोचणीने काम भागले नाही. भारतात 1954 पासून निर्मूलन योजना राबविली गेली. रोग खूप घटला, पण कोठे तरी धुमसत राहिला व पुनःपुन्हा उसळला. लसीच्या मात्रांची संख्या म्हणजेच यश, असे मानण्याची सवय याला काही अंशी कारणीभूत होती. लस टोचलेल्या व रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तात सारखीच प्रतिपिंडे सापडतात. त्यामुळे टोचणी चालू असेतो रोग उरला आहे की नाही, हेच कळत नाही. 1992 च्या सुमारास सुरू झालेल्या नव्या प्रकल्पात गावोगाव शोध, रक्ततपासणी आणि अखेर लसीकरण थांबविणे यांवर भर आला. लस बंद करण्याचा निर्णय लस देण्यापेक्षा अवघड होता, कारण एक प्रकरण निसटले असते तर असंरक्षित कळप आयतेच सापडले असते. शेवटचे प्रकरण 1995 मध्ये तमिळनाडूत नोंदले गेले. 2006 मध्ये भारताला संसर्गमुक्त देश म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मांसाच्या निर्यातीच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची होती. जगातील अखेरचे ज्ञात प्रकरण 2001 मध्ये केन्यात आढळले.

काही प्रयोगशाळांत व्हायरसाचे साठे उरले. इंग्लंडमधील पिरब्राइट येथील मोठा साठा, त्याच्या जनुकीय क्रमाची नोंद करून, 2019 मध्ये नष्ट करण्यात आला. याच कुलातील पीपीआर हा शेळ्यामेंढ्यांचा रोग भारतात प्रथम 1987 मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला. मुक्तेश्वर येथे त्यावर लस विकसित झाली असून 2030 पर्यंत त्याचे जागतिक उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. शेळ्यांच्या पिढ्या झपाट्याने बदलत असल्याने टोचणी न झालेली नवी करडे कळपात सतत येत राहतात. त्यामुळे येथील काम बुळकांडीपेक्षा अधिक चिकाटीचे आहे.