चिकणमाती सांगते बर्फाची चाल

हिमयुगात स्वीडनवर बर्फाचं अवाढव्य आवरण होतं. त्याला हिमचादर म्हणतात. हवा उबदार होत गेली तशी तिची कड उत्तरेकडे हटत गेली. कुठल्या वर्षी किती हटली, हे गेरार्ड डी गीर या स्वीडिश भूवैज्ञानिकाने चिकणमातीतून मोजलं. ती रीत आपण क्रमाने पाहू.

आधी मातीचा उभा, ताजा छेद हवा. तळाशी दगडगोटे, वाळू आणि माती यांची सरमिसळ लागते. ती बर्फाने खाली टाकलेली. तिला टिल म्हणतात.

टिलवर पट्ट्यापट्ट्यांची चिकणमाती असते. बर्फाची कड पाण्यात होती. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी भरड, फिकट गाळ आणायचं. हिवाळ्यात तो ओघ थांबला की पाण्यात तरंगणारी बारीक माती सावकाश बसायची. तिचा गडद थर होई. फिकट आणि गडद मिळून एक वर्ष. या जोडीला वार्व्ह म्हणतात.

आता छेदाला कागदाची लांब पट्टी लावून प्रत्येक जोडीची हद्द पेन्सिलीने टिपायची. १९०५ च्या उन्हाळ्यात डी गीर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जागोजाग हेच केलं. दोन ठिकाणच्या पट्ट्या शेजारी धरून जाड-बारीक थरांचा क्रम जुळवायचा, कारण वितळण जास्त झालेल्या वर्षी आसपास सगळीकडेच थर जाड बसतो.

खरी किल्ली सर्वांत खालच्या थरात आहे. बर्फ हटल्याशिवाय तिथे गाळ बसूच शकत नाही. समजा, उत्तरेला १ किलोमीटरवरच्या खाणीतला तळचा थर दक्षिणेकडच्या खाणीतल्या तळापासून पाचव्या थराशी जुळला. म्हणजे कड तेवढं अंतर ४ वर्षांत हटली: वर्षाला २५० मीटर. इतक्या साध्या भागाकारातून हजारो वर्षांपूर्वीचा वेग हाती येतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

चुका बहुधा तळाशीच होतात. मातीत रुतलेला एखादा मोठा धोंडा लागला की टिल आलं असं वाटतं, आणि खालची वर्षं मोजायची राहून जातात. तो धोंडा तरंगत्या हिमखंडातून पडलेलाही असू शकतो. म्हणून शेजारी आणखी खणून पाहावं. कधी काठ घसरून एकाच वर्षात जादा फिकट थर बसतो. वर ठसठशीत गडद थर नसेल, तर त्याला वेगळं वर्ष धरू नये.

जुळवणीही जवळच्या खाणींतच करावी. डी गीर यांनी स्वीडनचे थर थेट उत्तर अमेरिकेतल्या थरांशी जुळवले. ते पुढे संशोधकांनी मान्य केलं नाही. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी उन्हाळे सारखेच गेले असं धरता येत नाही.