आजाऱ्याचा शब्द

वाई तालुक्यातल्या मांढरदेव गडावर बाई घुमू लागली की सासरची माणसे हात जोडतात. एरवी जिच्या बोलण्याला घरात किंमत नाही, तिने देवीच्या तोंडून मागितलेले निमूट दिले जाते. डॉक्टर याला आजार म्हणतील, आणि पुष्कळदा तो असतोही. पण उपचाराने देवी गेली आणि तिच्याबरोबर बाईचा आवाजही गेला, तर आपण तिला बरे केले की गप्प केले? सातारा-सांगलीकडच्या गेल्या साडेतीन दशकांचा विचार करताना मला हा प्रश्न टाळता येत नाही.

१९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, साताऱ्यात दवाखाना चालवलेले. आजारी माणसाला भगताच्या हातून सोडवणे हीच तेव्हाची निकड होती. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ च्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा ठरला. त्यासाठी एका माणसाचा जीव गेला, हे विसरता येत नाही.

भगताकडून सुटलेल्या माणसाचे दवाखान्याच्या दारात काय होत होते? १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा १९९३ पर्यंत चालू होता. त्याच्या जागी आलेल्या १९८७ च्या कायद्यानेही निर्णय मुख्यतः नातेवाईक, डॉक्टर आणि न्यायदंडाधिकारी यांच्याकडेच ठेवला. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे एकदा ठरले की त्या माणसाचा नकार, त्याची तक्रार, त्याचा राग, सगळेच लक्षणांत जमा होई.

हा पेच मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो व्यसनमुक्तीत. दाभोलकरांनीच साताऱ्यात सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेचे हे जुने काम.  दारू पिणाऱ्याची बायको म्हणते, ‘यांनी मनावर घेतलं तर सुटेल.’ डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे. आजार असेल तर दोष कसला, आणि मन त्याच्या ताब्यात नसेल तर मनावर घ्यायचे कोणी? १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पहिली पायरी तर ‘दारूपुढे माझे काही चालत नाही’ ही कबुली आहे. तरी ती कबुली दुसऱ्या कोणी देऊन चालत नाही. जे सामर्थ्य नाही असे माणूस म्हणतो, त्याचा पहिला वापर तो तिथेच करतो.

ज्यांच्या शब्दाला किंमत नसते अशांवर विश्वास टाकून पाहण्याचा प्रयोग आपल्याच भागात एकदा झाला होता. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. विश्वास आधी टाकला, पात्रता नंतर पाहिली. मनोरुग्णांबाबत तेवढे धैर्य आपण फार उशिरा दाखवले.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: एखाद्याने उपचाराबाबत घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे मानता येणार नाही. चूक करण्याचा हक्क निरोग्यांना होताच. तो आता आजाऱ्यालाही मिळाला.

‘गोळ्या घेतल्यावर शांत वाटतं, पण तो मी नव्हे’ या तक्रारीला मात्र कायदा पुरत नाही. खरा ‘मी’ गोळीआधीचा की नंतरचा, हे रक्त तपासून कळत नाही. ज्याला दोन्ही अवस्था ठाऊक आहेत त्यालाच विचारावे लागते, आणि त्यासाठी बाह्यरुग्ण विभागातली दोन मिनिटे अपुरी आहेत.

विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला संमती विचारत बसावे, असे मी म्हणणार नाही. कायदाही म्हणत नाही. ठरावीक अटींवर तो तीस दिवसांपर्यंत संमतीविना दाखल करू देतो. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे सज्ञान माणसाला पुढच्या आजारपणासाठी लेखी पूर्वसूचना देता येते: कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे. तातडीच्या प्रसंगी ती बाजूला राहते, आणि एरवी ती मोडायची तर डॉक्टरला किंवा नातेवाइकाला पुनर्विलोकन मंडळाकडे जावे लागते. साताऱ्या-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत रुग्ण सावरून घरी निघतो, त्या दिवशी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर हा कागद त्याच्यापुढे ठेवावा आणि त्याच्याजवळ बसून, घाई न करता, त्याच्याच शब्दांत भरून घ्यावा.